पळणारी सायकल, उडणारा कॅमेरा : ड्रोनवर फोकस कसा लावायचा

बाबांचा जुना फिल्म कॅमेरा आमच्या रामबागेतल्या घरात अजून कपाटात आहे. त्याच्या ५० मिलिमीटर लेन्सच्या कड्यावर फूट आणि मीटरचे आकडे कोरलेले आहेत, आणि त्यांच्या खाली खुणांची एक बारीक पट्टी. इंदूरच्या वराती टिपताना बाबा ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं ते बारीक) ८ वर ठेवायचे, कडं १५ फुटांवर फिरवायचे आणि मग रात्रभर फोकसला हात लावायचे नाहीत. त्या मापावर साधारण १० फुटांपासून २५ फुटांपर्यंत सगळं स्वच्छ येतं, हे ती पट्टीच सांगायची. नवरदेवाचा घोडा त्या टप्प्यात आला की बटण दाबायचं, एवढंच काम उरायचं.

मी ड्रोन उडवायला लागले तेव्हा ही गोष्ट मला आठवलीच नाही. कॅमेरा आपला आपण फोकस करतो, मग आपण त्यात कशाला पडायचं, असं वाटायचं. बायपासवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये लग्न होतं, गोरज मुहूर्त. वरात फाटकातून आत आली, रंगीत दिवे लागले, अनार (भुईनळे) पेटले आणि नेमका तेव्हाच कॅमेरा फोकस शोधायला लागला. नवरदेवाचा चेहरा धूसर, मग स्वच्छ, पुन्हा धूसर. पाच सेकंद गेले, आणि वरात काही परत फाटकातून आत येणार नव्हती. नवरदेवाच्या आई क्लिप पाहून काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं. घरी आल्यावर बाबांनी एकच विचारलं, "तू किती लांब उभी होतीस ते तुला माहीत होतं ना? मग कॅमेऱ्याला का विचारत बसलीस?"

त्यानंतर मी ड्रोनच्या फोकसकडे बाबांच्या नजरेने पाहायला लागले. खाली लिहिलेली पद्धत मी सायकलस्वार, हार्वेस्टर, वराती आणि मैदानावरचे सामने यांवर वापरत आले आहे.

आधी आपला कॅमेरा ओळखा

काही ड्रोनचा फोकस कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो. डीजेआय कंपनीचा मिनी २ त्यातलाच. १ मीटरपासून पुढे सगळं स्वच्छ, फिरवायला काहीच नाही. तुमच्याकडे असा ड्रोन असेल आणि पळणारी माणसं धूसर येत असतील, तर दोष फोकसचा नाही. थेट शटरच्या भागाकडे जा.

त्याच कंपनीच्या मिनी ४ प्रो, एअर २एस, एअर ३, मॅव्हिक ३ यांच्या लेन्सचा फोकस मात्र पुढे-मागे सरकतो. कोणती लेन्स किती जवळ फोकस करू शकते हे माहितीपत्रकात दिलेलं असतं आणि ते पाठ असायला हवं. मिनी ४ प्रोची लेन्स आणि एअर ३ ची रुंद लेन्स १ मीटरपासून चालतात, पण एअर ३ ची ७० मिलिमीटरवाली लेन्स ३ मीटरपासून. त्याहून जवळ गेलात तर कॅमेरा कितीही धडपडला तरी फोकस लागणार नाही.

अंतराचं गणित, एकदाच करायचं

ड्रोनच्या लेन्सवर '२४ मिलिमीटर' लिहिलेलं असतं ते फक्त दृश्य किती रुंद दिसेल हे सांगण्यासाठी. मिनी ४ प्रोच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचं खरं माप, साधारण ६.७ मिलिमीटर आहे. चित्र टिपणारा सेन्सर लहान, म्हणून लेन्सही लहान. आणि लेन्स जितकी आखूड, तितका स्वच्छ दिसणारा पट्टा लांब. बाबांच्या ५० मिलिमीटरला जे १५ फुटांचं बंधन होतं, ते ड्रोनच्या रुंद लेन्सला जवळजवळ नसतंच.

प्रत्येक लेन्सचं एक असं अंतर असतं की तिथे फोकस लावला तर त्याच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. याला हायपरफोकल अंतर म्हणतात. ते काढायला फोकल लेंग्थचा वर्ग करा आणि त्याला ॲपर्चर गुणिले डोळ्याला चालेल एवढ्या धूसरपणाने भागा. ४के व्हिडिओ मोठ्या पडद्यावर पाहायचा असेल तर मी हा धूसरपणा दोन पिक्सेलांएवढा धरते. मिनी ४ प्रोच्या सेन्सरवर तो होतो ०.००५ मिलिमीटर. म्हणजे ६.७ चा वर्ग ४५, भागिले (१.७ गुणिले ०.००५). उत्तर साधारण ५,३०० मिलिमीटर, अर्थात सव्वापाच मीटर.

याचा अर्थ नीट मनात बसवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. या ड्रोनवर १० मीटरवरच्या माणसावर फोकस लावून तो तिथेच बांधून टाकला, तर साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. सायकलवाला ८ मीटरवर असो की ८० मीटरवर, कॅमेऱ्याला काही करायचंच नसतं. तरीही आपण त्याला ऑटोवर ठेवतो आणि तो विनाकारण शोधत राहतो.

मॅव्हिक ३ चा सेन्सर मोठा, तिथे ॲपर्चर २.८ वर हेच अंतर ६ ते ७ मीटर येतं. एअर ३ च्या ७० मिलिमीटरवाल्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ १९-२० मिलिमीटर, म्हणून तिथे ते २७ मीटरच्या आसपास जातं. हा फरक मोठा आहे. त्या लेन्सवर २० मीटरवर फोकस बांधला तर साधारण १२ मीटरपासून ७५ मीटरपर्यंत स्वच्छ येतं. त्याच लेन्सवर १५ मीटरवर बांधला तर १० पासून ३४ पर्यंतच. लांबच्या लेन्सवर असा पट्टा असतो, त्याला दोन टोकं असतात आणि ती दोन्ही माहीत असायला हवीत.

हे आकडे मी एका जाड कागदावर लिहून रिमोटच्या मागच्या बाजूला चिकटवले आहेत. बाबांच्या लेन्सवरची पट्टीच ती, फक्त जागा बदलली.

एक गफलत इथेच टाळा. स्क्रीनवर दिसणारी उंची आणि लांबी या दोन्ही ड्रोन जिथून उडाला तिथपासूनच्या असतात, तुमच्या सायकलवाल्यापासूनच्या नाहीत. ड्रोन १२ मीटर उंचीवर आहे आणि सायकल त्याच्या खालच्या जागेपासून ९ मीटर पुढे आहे, तर लेन्सपासून सायकल १५ मीटरवर आहे. शाळेतलं ३-४-५ चं त्रिकोणाचं माप इथे रोज कामाला येतं.

कुठे सराव करायचा

इंदूरमध्ये मोकळा, रुंद, सरळ रस्ता म्हटला की सुपर कॉरिडॉर डोळ्यांपुढे येतो. तिथे ड्रोन काढू नका. त्याचा मोठा भाग देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या अगदी जवळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा तपासून, नोंदणी करून मगच निघा. महूकडे लष्करी छावणी आहे, तिकडेही नको. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर या दोन्ही जागा २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्या. तिथल्या पक्ष्यांना पंख्यांच्या आवाजाचा त्रास देऊन मिळालेला शॉट मला तरी नको.

माझा सराव कंपेलच्या बाजूला, आतेभावाच्या शेतावर होतो. शहराच्या पूर्वेला, विमानतळापासून लांब, आणि बांधाला लागून सरळ गाडीवाट. रब्बीचा गहू निघाल्यावर शेत मोकळं असतं. मीटरचा टेप घेऊन ५, १०, २० आणि ४० मीटरवर बांबू रोवा आणि प्रत्येकाला जुन्या रेघांच्या साडीची पट्टी बांधा. फोकस लागला की नाही ते रेघांवर ताबडतोब कळतं, साध्या रंगावर कळत नाही. मग ड्रोन जमिनीपासून दोन मीटरवर स्थिर ठेवून प्रत्येक बांबूवर फोकस बांधा, दहा-दहा सेकंदांच्या क्लिपा घ्या आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहा. माझं गणित बरोबर की चूक हे तुमच्याच ड्रोनवर दिसेल. एक बॅटरी यात जाते. ती घालवाच.

तीन मोड, आणि कोणता कधी

ॲपमध्ये साधारण तीन पर्याय असतात : एकदाच लागणारा ऑटो, सतत चालणारा ऑटो, आणि मॅन्युअल.

ऑटो कसा चालतो ते कळलं की तो कुठे चुकेल हेही कळतं. साध्या ऑटोफोकसमध्ये कॅमेरा लेन्स थोडी पुढे सरकवतो, थोडी मागे, आणि कडा कुठे सगळ्यात ठसठशीत दिसतात ते पाहतो. कडाच नसतील तर तो काय पाहणार? ऑगस्टमधलं सोयाबीन वरून पाहा, मैलभर एकसारखा हिरवा गालिचा. तलावाचं पाणी, धुक्यातली सकाळ, दिवेलागणीचं आकाश, सगळीकडे तीच अडचण. हार्वेस्टरच्या मागे उठणारी धूळ तर दुहेरी घात करते. धुळीच्या ढगाला कडा असतात, कॅमेरा त्यावर फोकस लावतो आणि हार्वेस्टर मऊ पडतो. लग्नातले रंग बदलणारे दिवेही असेच फसवतात, कारण दर सेकंदाला कडांचा ठसा बदलतो. माझ्या त्या वरातीत हेच झालं होतं.

म्हणून माझा क्रम असा आहे. एकदाच लागणारा ऑटो वापरून फोकस लावायचा, मॅन्युअलवर जाऊन तो बांधायचा, आणि सतत चालणारा ऑटो फक्त तिथे वापरायचा जिथे लांबच्या लेन्सचा पट्टा पुरत नाही. माझे बहुतेक शॉट बांधलेल्या फोकसवरच होतात.

फोकस बांधण्याची कृती

उडण्याआधी लेन्स पुसा. हे सांगायची गरज नसावी, पण पावसाळ्यात ही पायरी सगळ्यात महत्त्वाची ठरते. गाडीत एसी लावून गेलात आणि बाहेरच्या दमट हवेत ड्रोन काढलात की काचेवर वाफ धरते आणि सगळं चित्र दुधाळ येतं. पेटी उघडून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा.

मग ड्रोन दोन-तीन मीटर वर घ्या आणि तिथेच थांबवा. मदतनीसाला ठरलेल्या अंतरावर उभं करा. रुंद लेन्सला १० मीटर, ७० मिलिमीटरला २०. त्याच्या हातात रेघांचं काहीतरी द्या, वर्तमानपत्रही चालतं. कॅमेरा व्हिडिओ मोडमध्येच असू द्या, कारण फोटोतून व्हिडिओवर गेलं की काही ड्रोन फोकस पुन्हा लावायला बघतात. स्क्रीनवर मदतनीसाच्या छातीवर बोट ठेवा. फोकस लागला की चित्र मोठं करून रेघा बघा. आता मॅन्युअलवर जा. स्क्रीनवरच्या फोकसच्या पट्टीचा आकडा किंवा जागा डोक्यात ठेवा.

पीकिंग चालू करून घ्या. स्वच्छ असलेल्या कडा रंगीत दिसतात, मी लाल ठेवते. मात्र त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रिमोटवर येणारं चित्र दाबलेलं, कमी बारकाव्यांचं असतं. थोडा चुकलेला फोकसही त्यात लाल दिसतो. पीकिंगने ढोबळ चूक कळते, बारीक चूक चित्र मोठं केल्यावरच.

मॅन्युअलची पट्टी अगदी टोकाला नेणं म्हणजे 'अनंत' असं समजू नका. बऱ्याच लेन्स टोकाला अनंताच्याही थोड्या पुढे जातात, कारण थंडी-उन्हाने लेन्स आकसते, फुगते आणि त्यासाठी जागा ठेवलेली असते. टोकाला नेलीत तर ना सायकल स्वच्छ, ना क्षितिज. नेहमी खऱ्या वस्तूवर लावा. डिसेंबरच्या सकाळी सहाला लावलेला फोकस दुपारी एकला पुन्हा तपासा.

शेवटची पायरी, जी मी सगळ्यात जास्त वेळा विसरले आहे : बॅटरी बदलली, लेन्स बदलली, किंवा ड्रोनला माग काढायला लावलं, की मोड पुन्हा ऑटोवर गेला नाही ना ते पाहा. माग काढण्याची चौकट माणसाच्या मागे ड्रोन नेते. फोकस हे तिचं काम असेलच असं नाही, पण ती सुरू केल्यावर काही ॲप फोकसही स्वतःकडे घेतात. आपल्या ड्रोनवर काय होतं ते कंपेलच्या बांबूंपुढेच कळून घ्या, वरातीत नव्हे.

शॉटप्रमाणे फोकस

शेजारून समांतर जाणारा शॉट सगळ्यात सोपा. अंतर बदलतच नाही. १० मीटरवर बांधा, १० मीटर राखा, विषय संपला. धोका फोकसचा नसून विजेच्या तारांचा आहे. आडवं उडताना तुमची नजर सायकलवर असते आणि बारीक तारा ड्रोनच्या सेन्सरला बहुतेक वेळा दिसत नाहीत. आधी ती वाट एकदा पायी चालून या.

मागून जाताना सायकलवाल्याने अचानक ब्रेक मारला तर ड्रोन त्याच्यावर जातो. मी इथे १२ मीटरहून जवळ जात नाही, आणि रुंद लेन्सवर जवळ जाण्याने फोकसला मिळतही काही नाही.

समोरून येणारा शॉट मात्र खरा कस पाहतो. ताशी ३० किलोमीटरने येणारी सायकल एका सेकंदात ८ मीटरहून जास्त जवळ येते. ४० मीटरवरून ८ मीटरवर यायला तिला चार सेकंदही लागत नाहीत. सतत चालणारा ऑटो या चार सेकंदांत पाठलाग करू पाहतो, आणि मध्येच कुठेतरी एक पाऊल मागे राहतो. रुंद लेन्स असेल तर बांधलेला फोकस हा शॉट सहज पार पाडतो. ७० मिलिमीटरवर २० मीटरला बांधा आणि सायकल १२ मीटरवर आली की शॉट संपवा. वाटेवर १२ मीटरला चुन्याची आडवी रेघ मारून ठेवा, सायकल तिच्यावर आली की कॅमेरा वर उचला. माझा भाचा दर वेळी विचारतो, "मावशी, अजून किती फेऱ्या?" या शॉटसाठी सहा तरी लागतात, आणि त्याला तेवढा उसाचा रस पाजावा लागतो.

डोक्यावरून सरळ खाली पाहताना उंची हेच अंतर. हार्वेस्टर गव्हात पट्टे कापत जातो तो शॉट १५ ते २५ मीटर उंचीवरून फार सुंदर येतो. ऑटो इथे हमखास भरकटतो, कारण चौकटीत एकसारख्या पिकाशिवाय काही नसतं. बांधलेला फोकस असेल तर उंची कमी-जास्त केली तरी रुंद लेन्सला फरक पडत नाही. धूळ वाऱ्याच्या दिशेने जाते, म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूला राहा. फोकससाठीही आणि पंख्यांच्या मोटरसाठीही.

गोल फिरणारा शॉट समांतर शॉटसारखाच. मध्यबिंदूपासूनचं अंतर तेच राहतं.

जवळून सुरू होऊन वर उठणारा शॉट लग्नवाल्यांना फार आवडतो. अक्षतांचं ताट, मग मांडव, मग सगळं गार्डन. इथे फोकस हायपरफोकलवरच, म्हणजे मिनी ४ प्रोवर ५ मीटरच्या जरा पुढे बांधा. मग अडीच-तीन मीटरपासून पुढे सगळं स्वच्छ येतं. ताट तीन मीटरवर ठेवा आणि ते माणसाच्या हातात न देता टेबलावर. फिरत्या पंख्यांच्या एवढं जवळ कोणीही उभं राहता कामा नये.

सतत चालणारा ऑटो कुठे वापरावा? मॅव्हिक ३ च्या १६२ मिलिमीटरसारख्या फार लांबच्या लेन्सवर, किंवा ७० मिलिमीटरवर जेव्हा माणूस कुठून कुठे पळेल हे आधी ठरवता येत नाही, जसं फुटबॉलचा सामना. तेव्हासुद्धा फोकसचा चौकोन लहान ठेवा, खेळाडू आणि पार्श्वभूमी यांत रंगाचा फरक राहील अशा बाजूने उडवा, आणि ड्रोन मैदानाच्या कडेबाहेर ठेवा.

ज्या ड्रोनवर ॲपर्चर बदलतं तिथे पळत्या दृश्यासाठी मी ४ ते ५.६ ठेवते. पट्टा वाढतो. ११ पर्यंत नेऊ नका. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ होतं.

शटर : ज्याचा दोष फोकसवर येतो

मला दाखवायला आणलेल्या 'फोकस गेलेल्या' क्लिपांपैकी कितीतरी शटरच्या असतात.

हिशोब बघा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवायची पद्धत आहे, त्याने हालचाल डोळ्याला सहज वाटते. पण १० मीटरवरून आडवी जाणारी ताशी ३० किलोमीटरची सायकल १/५० सेकंदात १७ सेंटिमीटर सरकते. २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्सला १० मीटरवर १५ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, म्हणजे ४केमध्ये एका मीटरला २५६ पिक्सेल. सायकल ४० हून जास्त पिक्सेल फासली जाते. फोकस कितीही अचूक असू दे, स्वाराचा चेहरा पुसलाच जाणार. शटर १/२०० केलं की हेच ११ पिक्सेलांवर येतं.

पण ड्रोन सायकलच्याच वेगाने समांतर उडत असेल तर सायकल चौकटीत स्थिर असते. १/५० वरही ती स्वच्छ येते आणि मागची झाडं पळताना दिसतात. तो परिणाम मला मनापासून आवडतो. म्हणून नियम एकच नाही. ड्रोन उभा आणि माणूस आडवा पळणारा, तर १/१०० ते १/२००. ड्रोन सोबत उडणारा, तर १/५०. सामन्यांसाठी मी ५० फ्रेम आणि १/१०० वापरते, हवं तिथे निम्म्या वेगाने दाखवता येतं.

माळव्याच्या एप्रिलच्या उन्हात १/५० ठेवायचं तर डोळ्यावर गॉगल लागतो तसा लेन्सला एनडी फिल्टर लागतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची ताकद) १०० आणि ॲपर्चर २.८ असेल तर भर दुपारी एनडी ६४. ॲपर्चर १.७ वर पक्कं असेल तर एनडी १२८ किंवा २५६. फिल्टर लावल्यावर फोकस पुन्हा तपासा, आणि फिल्टर घट्ट बसल्याशिवाय गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा हात) चालू करू नका.

दिवेलागणीनंतर हिशोब उलटतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर दिवे लुकलुकत नाहीत. आयएसओ फार चढवलं की चित्रात दाणे येतात, कॅमेरा ते पुसायला जातो आणि चेहऱ्यावरचे बारकावेही पुसतो. तेही फोकस गेल्यासारखंच दिसतं. वरात यायच्या आधी, उजेड असतानाच, फाटकापर्यंतचं अंतर मोजून फोकस बांधून ठेवा. अंधारात लावायला जाऊ नका. आणि ड्रोन गर्दीच्या डोक्यावर नको, गार्डनच्या रिकाम्या कडेला.

घरी आल्यावर : नेमकं काय बिघडलं ते ओळखणं

धूसर क्लिप पुसून टाकू नका. मोठ्या पडद्यावर एक फ्रेम थांबवा आणि पाहा.

माणूस धूसर, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं झुडूप स्वच्छ असेल तर फोकस चुकीच्या अंतरावर लागला. माणूस एकाच दिशेने फासलेला आणि त्याच अंतरावरचा दगड स्वच्छ, तर शटर मंद. सगळं चित्र एकाच दिशेने फासलेलं, तर ड्रोन फार जोरात वळला, स्टिकचा वेग कमी करा. क्लिप चालवताना चित्र किंचित आत-बाहेर श्वास घेतल्यासारखं हलत असेल तर ऑटो शोधत होता. म्हणजे फोकस बांधायचा राहिला. सगळंच दुधाळ, तर काचेवर वाफ किंवा बोटाचा ठसा.

आणि चित्र पाण्याखाली असल्यासारखं थरथरत असेल तर त्यावर कॅमेऱ्यात उपाय नाही. एप्रिल-मेच्या दुपारी काळ्या मातीवरून आणि डांबरावरून तापलेली हवा वर उठते, आणि लांबच्या लेन्सला ती थरथर स्पष्ट दिसते. मी या दोन महिन्यांत ७० मिलिमीटरचं काम सकाळी आठच्या आत उरकते. दुपारी शूट करायचंच असेल तर रुंद लेन्स घेऊन जवळ जाते, मधली हवा कमी झाली की थरथरही कमी होते.

क्लिपा पाहताना शेजारी वही ठेवा. मी प्रत्येक उड्डाणाची एक ओळ लिहिते : तारीख, लेन्स, कुठल्या अंतरावर बांधलं, शटर, फिल्टर, आणि निकाल. मागच्या गव्हाच्या हंगामातली एक ओळ अशी आहे : "कंपेल, ७० मिमी, २० मीटरला बांधलं, १/१००, एनडी ३२, हार्वेस्टर समोरून. १४ मीटरपर्यंत उत्तम, ११ ला मऊ. पुढच्या वेळी रेघ १३ वर मारायची."